बाजारच्या दिवशी गाणारे बेडूक

मुलांनो, जरा मनातल्या मनात पालथे पडा बरं! हां, असे. पोटाखाली ओलं गवत आहे, हनुवटी चिखलाला टेकायला चार बोटं उरली आहेत आणि नाकासमोर तळ्याचं पाणी आहे. नोव्हेंबरातली थंड सकाळ. सूर्य अजून उसाच्या तुऱ्यांमागं आहे. तुमच्यापासून वीतभर अंतरावर एक बेडूक बसलाय. तुमच्या हातात गवताची काडी आहे. ती तुम्ही हळूच पुढं करता आणि बेडकाच्या पाठीला टोचता. आता काय होईल?

"टुणकन उडी मारेल!" असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो असतो.

पण या बेडकानं उडी मारली नाही. त्यानं एक डोळा उघडला, काडीकडं पाहिलं आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

"गोरख! अरे, हा पण तसलाच! पंधरावा!" काडी धरणारी विजयमाला ओरडली.

विजयमाला सातवीत होती. कोपरगाव तालुक्यातलं वडतळे हे तिचं गाव, आणि साल होतं एकोणीसशे सत्तर. तिचा आतेभाऊ गोरक्षनाथ, म्हणजे गोरख, दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी आला होता. तो राहायचा नगरजवळ नागापूरला. वडील तिथल्या कारखान्यात फिटर होते, त्यामुळं जगातली सगळी यंत्रं आपल्यालाच कळतात असा त्याचा पक्का समज होता. या घडीला तो तळ्याच्या बांधावर उन्हाची वाट पाहत बसला होता.

"फराळ जास्त झाला असेल त्याला!" गोरख वरून म्हणाला. "मला पण चकल्या खाल्ल्या की अशीच झोप येते."

"चेष्टा नको करू. हे बघ, अंगावर पांढरा बुळबुळीत थर आलाय. आणि डोळे... खॉक्! खॉक्!" विजयमालाला एकदम ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. "गोरख, कसला तरी वास येतोय. फटाक्यांसारखा."

"दिवाळी होऊन आठ दिवस झाले! तुझ्या नाकात अजून लवंगी फुटतेय वाटतं!" गोरखनं बांधावर उभं राहून चांगला लांब श्वास घेतला. "छे! इथं काही नाही."

विजयमाला उठून बांधावर आली. खरंच, वर काहीच वास नव्हता. तिनं डोळे पुसले. तेवढ्यात बांधावरून मनकर्णा पळत येताना दिसली. ती विजयमालाच्या वर्गातली मैत्रीण. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, पण आज ती नुसती धापा टाकत होती.

"मने, काय झालं?"

"तळं... तळं काढून घेनार आमचं! शुक्रवारी सभा हाय. सरपंच आत्ताच सांगून गेले."

मनकर्णाचे वडील कारभारी भोई. तळं ग्रामपंचायतीचं, पण मासे धरायला आणि शिंगाडे लावायला ते दहा वर्षं कारभारींकडं होतं. दोन मोठी मडकी बांबूला बांधायची, त्या तराफ्यावर पोट टेकवून वेलींमधून पोहत जायचं आणि पाण्याखालचे हिरवे शिंगाडे तोडायचे, हे काम गावात त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हतं.

"पण का?"

"बेडकांमुळं! सरपंच म्हनले, ज्या पान्यात बेडूक मरतोय त्या पान्यावर आमी जनावरं कशी सोडायची? म्हनं माझा बाप शिंगाड्यावर इखारी पावडर टाकतो. अगं, चुलीतली राख टाकतो तो! वेलीवरचे किडे जावेत म्हनून राख! पन ऐकतंय कोन?" मनकर्णानं नाक ओढलं. "तळं गेलं की आमी जानार मामाकडं, प्रवरेच्या काठाला. तिथं चौथीपातूरच शाळा हाय."

मनकर्णाशिवायचा वर्ग विजयमालाला डोळ्यांसमोर आणवेना. वर्गात गणिताला पहिला नंबर मनकर्णाचा होता.

"पावडरवर त्यांचा विश्वास बसलाच कसा?" गोरखनं विचारलं.

"सोमवारमुळं! सोमवारी बाजार असतो. बाप दिवसभर शिंगाडे इकायला जातो. आन् नेमकं त्याच दिवशी बेडूक बरे व्हत्यात, संध्याकाळी वरडत्यात! मंगळवारपासून पुन्हा गप. रंभाजीशेठनीच हे ध्यानात आनून दिलं सरपंचांना."

"हॅ! असं कुठं असतं?" गोरख म्हणाला.

"उद्या सोमवारच आहे," विजयमाला म्हणाली. "आपण स्वतःच ऐकू."

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना तिघंही बांधावर जाऊन बसली. आणि काय सांगू! आधी एक आवाज आला, "टर्रर्र!" मग दुसरा. मग पलीकडच्या काठावरून तिसऱ्यानं उत्तर दिलं, आणि बघता बघता सगळं तळं बोलू लागलं. शिंगाड्याच्या पानांवर उड्या, पाण्यात बुडक्या, एकमेकांच्या अंगावर कोलांट्या!

"वा! काय बँड आहे!" गोरखनं टाळ्या पिटल्या. मग त्याचं लक्ष मनकर्णाकडं गेलं आणि त्याचे हात थांबले. बेडूक जितके जोरात ओरडत होते, तितकं तिचं तोंड उतरत होतं.

एवढ्यात बांधावर फटफटी थांबली. रंभाजीशेठ! तळ्याच्या पूर्वेला त्यांची खांडसरी होती. खांडसरी म्हणजे उसाचा रस उघड्या कढयांत आटवून साखर करणारा छोटा कारखाना. शेठ तसे दिलदार माणूस. पोरांना मूठमूठ साखर देत. फक्त स्वतःच्या साखरेपलीकडं त्यांना फारसं काही दिसत नसे.

"ऐकलंत ना पोरांनो? कारभारी बाजाराला, बेडूक आनंदात! याला म्हणतात पुरावा!" असं म्हणून शेठ भुर्रकन निघून गेले.

"माझा बाप खरंच काय करत असंल का गं?" मनकर्णानं अगदी हळू विचारलं.

"मुळीच नाही!" विजयमाला उठली. "चला बाईंकडं."

सुमनबाई त्यांच्या वर्गशिक्षिका. सुट्टी असली तरी बाईंचं दार कुठल्याही प्रश्नाला उघडं असे. फक्त एक त्रास होता. बाई उत्तर कधी सरळ देत नसत. मुलं गेली तेव्हा बाई ओसरीवर कांदा चिरत बसल्या होत्या. विजयमालानं एका दमात सगळं सांगितलं.

"हं," बाई म्हणाल्या. "बेडूक श्वास कसा घेतो?"

"नाकानं," गोरख म्हणाला. "त्यात काय!"

"आणखी कशानं?"

मनकर्णा म्हणाली, "बाई, तो पान्याखाली लई येळ ऱ्हातो. तवा नाक काय कामाचं?"

"शाबास! मग?"

"कातडीनं?"

"बरोबर! बेडकाची कातडी पातळ असते आणि कायम ओली. हवा त्या ओलाव्यात विरघळते आणि तिथून थेट रक्तात जाते. आपण नाकातोंडानं श्वास घेतो, बेडूक सगळ्या अंगानं घेतो. म्हणून कातडी सुकली तर त्याचा जीव गुदमरतो. आणि म्हणूनच हवेत काही वाईट असलं तर आपल्याआधी त्याला कळतं. आपल्याला सदरा असतो, जाड कातडी असते. त्या बिचाऱ्याला काय असतं?"

"काहीच नाही!" गोरख म्हणाला. त्याचे डोळे चुरचुरू लागले होते. "बाई, तो कांदा जरा लांब ठेवा ना!"

"का? मी तर तुझ्या डोळ्याला हातसुद्धा लावला नाही."

"हवेतून येतंय ना ते! डोळा ओला असतो म्हणून..." गोरख बोलता बोलता थांबला. "अरेच्चा!"

बाई गालातल्या गालात हसल्या. "डोळा एवढासा ओला, तर इतकी आग. सगळं अंगच ओलं असतं तर? बरं, मला सांगा, बाजारच्या दिवशी गावात काय काय वेगळं असतं?"

"माझा बाप नसतो," मनकर्णा पुटपुटली.

"तेवढंच?"

"गिरणी बंद," विजयमाला बोटांवर मोजू लागली. "न्हावी नसतो. शिंपी नसतो. आणि... आणि खांडसरी! बाई, सोमवारी खांडसरी बंद असते! कामगारांना बाजाराची सुट्टी असते. रविवारी रात्रीच सगळ्या भट्ट्या विझवतात!"

"म्हणजे सोमवारी दोन गोष्टी थांबतात. एक कारभारी आणि एक खांडसरी. दोघांतलं बेडकांना कोण छळतंय?"

"खांडसरी!" गोरख ओरडला.

"कशावरून? तुला कारभारी आवडतात म्हणून? रंभाजीशेठनी एक गोष्ट बघितली आणि दुसरी सोडून दिली. तुम्ही पण तेच करणार?"

"मग बाई, तुम्हीच सांगा!"

"मला कुठं माहीत आहे? मी काय तळ्यात राहते?" बाईंनी कांदा पातेल्यात टाकला. "जे राहतात त्यांना विचारा."

बेडकांना विचारायचं? पण कसं? त्या रात्री विजयमालाला झोप लागेना. सकाळी मात्र तिनं दोघांना उठवूनच सांगितलं, "चार घमेली हवीत. आणि मने, काकांचं जुनं जाळं."

मुलांनो, आता तिनं काय केलं ते नीट ध्यानात घ्या. मोठ्या माणसांनाही पुष्कळदा हे सुचत नाही. दोन घमेल्यांत तिनं तळ्याचं पाणी भरलं. उरलेल्या दोन घमेल्यांत स्वतःच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी. त्या विहिरीशी कारभारींचा काही संबंध नव्हता. मग तळ्याचं एक घमेलं आणि विहिरीचं एक घमेलं अशी जोडी तळ्याच्या काठावर ठेवली. दुसरी तशीच जोडी मारुतीच्या टेकाडावर नेली. हे टेकाड खांडसरीच्याही पूर्वेला होतं. त्या दिवसांत वारा पूर्वेकडून वाहायचा, म्हणजे खांडसरीची हवा तळ्याकडं जायची, पण टेकाडावर यायची नाही. प्रत्येक घमेल्यात बसायला एक दगड, दोन-दोन बेडूक, आणि वरून जाळं.

"जर पाणी विखारी असेल," ती म्हणाली, "तर तळ्याच्या पाण्यातले बेडूक दोन्हीकडं आजारी पडतील. हवा विखारी असेल, तर तळ्याकाठचे दोन्ही घमेल्यांतले पडतील."

"आणि सगळेच आजारी पडले तर?"

"तर मला काही कळत नाही असं कबूल करायचं."

बेडूक पकडताना काय धमाल झाली! सोमवारच्या सुट्टीनं ते चांगलेच ताजेतवाने होते. गोरखनं झेप घेतली की बेडूक डावीकडं आणि गोरख चिखलात. "नागापूरला असले बेडूक नसतात," तो डोक्यावरचं शेवाळ काढत म्हणाला. मनकर्णा मात्र काठावर नुसती उकिडवी बसे, हात पाण्यात सोडे आणि गपकन धरी. आठांतले सात तिनंच धरले. आठवा गोरखच्या सदऱ्यात सापडला!

बुधवारी उजाडायच्या सुमारास तिघं तळ्यावर गेली. विजयमालानं पहिलं जाळं उचललं. तळ्याचं पाणी. दोन्ही बेडूक डोळे मिटून, पाय पोटाशी घेऊन दगडावर बसलेले. अंगावर तोच पांढरा थर. काडी लावली तरी हलेनात.

मनकर्णाचा हात दुसऱ्या जाळ्यावर थांबला. "तूच बघ गं. मला भ्या वाटतंय."

विजयमालानं जाळं उचललं. विहिरीचं पाणी, स्वच्छ, तळ दिसणारं. आणि दोन्ही बेडूक तसेच! डोळे मिटलेले, गप्प.

"पळा!" गोरख ओरडला, आणि तिघं मारुतीच्या टेकाडाकडं धूम पळाली. वर पोचायच्या आधीच आवाज आला: "टर्रर्र! टर्रर्र!" विहिरीच्या पाण्यातला एक बेडूक जाळ्याला धडका देत होता. आणि शेजारी, तळ्याच्या पाण्यातले, ज्यात म्हणे विखारी पावडर होती त्या पाण्यातले दोघंही चांगले टुणटुणीत!

मनकर्णा रडता रडता हसू लागली. "माझ्या बापानं काय न्हाई केलं! माझ्या बापानं काय न्हाई केलं!"

"पण हे मारुतीनं बरे केले, असं कुणी म्हणालं तर?" गोरखनं शंका काढली.

"म्हणू देत. तळ्याकाठचे आजारी इथंच आणून ठेवू, त्याच पाण्यासकट. मग टेकाडावर त्यांना काय होतं ते लिहून ठेवू."

"आणि इथले चांगले तिकडं नेऊन बघू?"

विजयमालानं त्या उड्या मारणाऱ्या बेडकाकडं पाहिलं. "नको. त्यांनी आपलं काम केलं. त्यांना टेकाडामागच्या ओढ्यात सोडून दे."

गुरुवारी सकाळी आजारी बेडकांचे डोळे उघडले होते आणि त्यातले तीन उड्या मारू लागले होते. चौथा जरा आळशीच होता, पण तोही थोड्या वेळानं पळाला.

आता एकच कोडं उरलं. खांडसरीचं धुराडं तर उंच! त्याचा काळा धूर आभाळात जायचा. मग तळ्यात काय येत होतं?

"वास शोधायचा," विजयमाला म्हणाली. "पण उभं राहून नाही. बेडकासारखं!"

तळ्याच्या पूर्वेकडून एक कोरडा नाला खांडसरीकडं जात होता. तिघं त्यातून रांगत निघाली. नाक जमिनीजवळ, तोंडाला ओला रुमाल. गोरख मध्येच उभा राही आणि म्हणे, "वास नाही!" मग वाकून, "आहे!" वर सकाळची कोवळी हवा, आणि खाली नाल्याच्या तळाशी तोच फटाक्यांसारखा तिखट वास, पाण्यासारखा उताराकडं वाहत चाललेला. दिसत मात्र काही नव्हतं. फार तर एक फिकट धुकं.

(तुम्ही मात्र असं कुठल्या धुरात नाक घालू नका हं! विजयमालाचा घसा नंतर दोन दिवस खवखवत होता आणि आईनं तिला हळदीचं दूध पाजून पाजून नको नको केलं होतं.)

नाला संपला तिथं खांडसरीची मागची भिंत होती. भिंतीपाशी विटांची एक बुटकी भट्टी, आणि भट्टीतून निघालेला एक लोखंडी पाईप.

"ए पोरांनो! हिकडं न्हाई यायचं!" तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस धावत आला. तो भट्टीवरचा कामगार, भीमा.

"भीमादादा, या भट्टीत काय जाळतात?" विजयमालानं विचारलं.

"गंधक. त्याचा धूर रसात सोडला की रस साफ व्हतो, साखर पांढरीशुभ्र निघती." भीमादादा खोकला. "पन ह्यो धूर लई वंगाळ. चला, लांब व्हा."

गोरख मात्र डोळे बारीक करून पाईपाकडं बघत होता. "दादा, हा सांधा उघडा आहे! दोन पाईप एकमेकांत बसलेच नाहीत. मध्ये काय कोंबलंय? गोणपाट?"

"मळीत बुडवलेलं गोणपाट. दसऱ्यालाच पाईप फुटला. रोज लावतो, रोज जळून जातं. शेठला सांगून माझं तोंड दुखलं."

"म्हणजे धूर रसात जायच्या ऐवजी निम्मा बाहेर!" गोरखनं कपाळावर हात मारला. "आणि थंड सकाळी हा धूर वर जात नाही. जड पडतो, नाल्यातून खाली सरपटतो आणि तळ्याच्या खोलगट जागेत साचून राहतो!"

"बेडकांच्या उंचीला," विजयमाला म्हणाली.

"मासे मेले न्हाईत ते म्हनूनच!" मनकर्णा म्हणाली. "मासा पान्यातच दम घेतो. आन् आमच्या तळ्याला खाली सगळी चुनखडी हाय, धुराचा आंबटपना ती मारती. पानी बिघडलंच न्हाई, वरची हवा बिघडली!"

भीमादादा तिघांकडं बघतच राहिला. "पोरांनो, उद्याच्या सभेत मी बोलंन. माझ्या छातीचं तरी कुनी ऐकंल."

विजयमाला परत निघाली ती विचार करत. शेवटी म्हणाली, "सांगून त्यांचा विश्वास बसायचा नाही. त्यांना बेडूक बनवायला हवं!"

"कुणाला?"

"रंभाजीशेठना!"

शुक्रवारी सकाळी सभा शाळेच्या व्हरांड्यात भरायची होती. विजयमाला भल्या पहाटे सरपंच भाऊसाहेबांच्या दारात हजर. "सरपंचकाका, ज्या तळ्याचा निवाडा करायचा ते तळं समोर नको का? सभा बांधावर घ्या ना!"

भाऊसाहेबांना हसू आलं. "वकील व्हशील पोरी! बरं, घेऊ बांधावर."

गाव जमलं. माणसं बांधावर बसली, बायका वडाच्या पारावर. कारभारी एका बाजूला मान खाली घालून उभे. रंभाजीशेठ फटफटीवरून आले तेव्हा मनकर्णा वाकून म्हणाली, "शेठ, तुमच्यासाठी खास बैठक!"

बैठक होती बांधाखाली, अगदी पाण्याच्या काठाला. सतरंजी, तिच्यावर तक्क्या, शेजारी पाण्याचा तांब्या. शेठ खूश! "पोरं गुणी आहेत हो!" असं म्हणत ते ऐसपैस टेकून बसले.

विजयमाला पुढं आली. तिनं चारही घमेल्यांची गोष्ट नीट सांगितली. कुठलं पाणी, कुठली जागा, कुठले बेडूक आजारी, कुठले बरे.

"पोरखेळ!" शेठ खालून म्हणाले. "माझ्या धुराड्याचा धूर बघा सरपंच, सरळ आभाळात जातो. तळ्याशी त्याचा काय... खॉक्! काय संबं... खॉक्! खॉक्!"

"पानी घ्या, शेठ," मनकर्णा अगदी गोड आवाजात म्हणाली.

शेठ पाणी प्यायले. त्यांनी डोळे चोळले. ते लालबुंद झाले होते. "हे काय... कुणी मिरच्या जाळल्या की काय? खॉक्!"

"मिरच्या नाहीत, शेठ," गोरख म्हणाला. "तुमचाच गंधक आहे. बेडूक रोज तिथंच बसतात. फक्त त्यांना तांब्या नसतो."

सगळा बांध खो-खो हसला! शेठ सतरंजी तिथंच टाकून धडपडत वर आले. मग भाऊसाहेब स्वतः खाली उतरले, गुडघ्यांवर बसले, वाकले, आणि तोंडाला उपरणं लावून वर आले. "व्हय की! लई तिखट हाय!" मग एकेक करत सगळे गावकरी वाकून हुंगून आले. भीमादादानं उघड्या सांध्याची, जळणाऱ्या गोणपाटाची सगळी हकिगत सांगितली. सांगताना तो दोनदा खोकला, आणि आता त्या खोकल्याकडं सगळ्यांचं लक्ष गेलं.

लगेच सगळी सभा उठून खांडसरीच्या मागं गेली. पाईप समोरच होता.

भाऊसाहेबांनी कारभारींचा हात धरला. "कारभारी, आमचं चुकलं. चौकशी न करता तुला बोल लावला. तळं तुझ्याकडंच ऱ्हानार, सगळ्या गावासमोर सांगतो."

कारभारींनी मनकर्णाच्या डोक्यावर हात ठेवला.

"आन् पोरांनो," भाऊसाहेब म्हणाले, "आमी म्हातारी मानसं नुसती पान्याकडं बघत बसलो. तुमी वाऱ्याकडं बघितलं! गावाचं नाव काढलंत!"

सुमनबाईंनी तिघांच्या पाठीवर थाप दिली. "शाबास! नुसतं अनुमान करून थांबला नाहीत, पडताळून पाहिलंत. वर्गात मी हेच शिकवते, आणि एरवी तुम्ही खिडकीबाहेर बघत बसता!"

रंभाजीशेठही दिलदारपणे पुढं झाले. डोळे अजून लालच होते. "मानलं बुवा पोरांना! हरलो मी. हा पाईप बदलून टाकतो. एवढा हंगाम उरकू द्या फक्त. आता भट्टी थांबवणं परवडणार नाही. एप्रिलात बघू."

"बरोबर आहे, बरोबर आहे," मोठी माणसं माना डोलावू लागली. कुणी घराकडं वळलंसुद्धा.

विजयमालानं मनकर्णाकडं पाहिलं, मग पाईपाकडं. भट्टीत गंधक टाकायला जायची वाट एका अरुंद दारातून होती. ती सरळ चालत गेली आणि त्या दाराच्या मधोमध मांडी घालून बसली.

"आता हे काय?" शेठनी विचारलं.

"काही नाही, शेठ. पाईप बदलेपर्यंत बसते," विजयमाला म्हणाली, आणि गोरख-मनकर्णाला जागा व्हावी म्हणून जरा बाजूला सरकली. "तुम्ही सावकाश करा. आम्हाला अजून नऊ दिवस सुट्टी आहे."